एक्सेलमध्ये प्रकल्प तोट्याचा, पायथनमध्ये फायद्याचा: एनपीव्ही जुळत नसेल तर काय तपासायचं

नवं यंत्र घ्यायचं का, छतावर सौर पॅनेल बसवायचे का, दुसरी पाळी सुरू करायची का, असे निर्णय शेवटी एका आकड्यावर येतात: निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. पुढच्या वर्षांत येणाऱ्या रकमा एका ठरावीक दराने (वटावाचा दर) घटवून आजच्या मोलात आणायच्या आणि त्यातून गुंतवणूक वजा करायची, की हा आकडा मिळतो. तो धन आला तर पुढे जायचं, उणे आला तर थांबायचं. लघुउद्योजकांच्या प्रकल्प अहवालांतल्या शीट आणि स्क्रिप्ट दुरुस्त करणं हे माझं नेहमीचं काम. त्यात पुन्हा पुन्हा समोर येणारा बिघाड एकच असतो: आकडे तेच, पण उत्तर वेगळं. बहुतेक वेळा कारण एवढंच निघतं की एखादी रक्कम चुकीच्या वर्षात जाऊन बसलेली असते.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर पुढे वाचा.

एक्सेल आणि पायथन यांच्या उत्तरांत फरक आहे आणि त्यांचं गुणोत्तर 1.12 किंवा 1.10 असं तुमच्या दराशी जुळणारं येतं. मधल्या एखाद्या वर्षी उत्पन्न नसूनही प्रकल्प अपेक्षेपेक्षा चांगला दिसतो. एनपीव्ही जवळजवळ मूळ गुंतवणुकीइतकाच उणे येतो. आयआरआरच्या (ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो परताव्याचा दर) जागी '#नम!' (#NUM!) ही त्रुटी येते, किंवा एक्सआयआरआर (तारखा धरून काढलेला आयआरआर) 2.98ई-09 असा शून्याला चिकटलेला आकडा देतो. एनपीव्ही म्हणतो प्रकल्प 'अ' चांगला, आयआरआर म्हणतो 'ब' चांगला. पायथनचा जुना प्रोग्राम नमपाय या गणिताच्या पॅकेजात एनपीव्ही नावाचं काही नाही असं सांगून बंद पडतो.

आधी तीन आकड्यांची चाचणी

पन्नास ओळींच्या खऱ्या शीटमध्ये शोधाशोध करण्याआधी तेच सूत्र किंवा तेच फंक्शन तीन आकड्यांवर चालवा. दर 10 टक्के. आज 1000 रुपये बाहेर, वर्षाअखेर 1100 आत, दुसऱ्या वर्षाअखेर 1210 आत. 1100 चं आजचं मूल्य 1000, 1210 चंही 1000, त्यातून गुंतवणुकीचे 1000 गेले. उत्तर बरोबर 1000 यायला हवं, एक पैसाही इकडे तिकडे नाही.

ही चाचणी मी पहिली ठेवतो, कारण ती फुकट आहे आणि चुकीचं उत्तरच बिघाडाचं नाव सांगतं. 909.09 आलं तर गुंतवणूकसुद्धा एक वर्ष पुढे ढकलली गेली आहे. 1200 आलं तर उत्पन्न एक वर्ष अलीकडे आलं आहे. उणे 890 आलं तर 10 टक्क्यांऐवजी नुसता 10, म्हणजे 1000 टक्के दर लागला आहे. 3000 आलं तर गुंतवणुकीला उणे चिन्ह द्यायचं राहिलं. 1000 आलं तर सूत्र ठीक आहे, दोष तुमच्या आकड्यांत शोधायचा.

दर आणि चिन्ह

दराच्या सेलचं फॉरमॅट टक्केवारीचं नसेल आणि त्यात नुसतं 12 लिहिलं असेल तर एक्सेल ते 1200 टक्के धरतं. 10 लाख गुंतवून पाच वर्षं दरसाल 2,60,000 मिळणाऱ्या प्रकल्पाचा एनपीव्ही मग उणे 9,78,333 दिसतो. पायथनमध्ये तर 12 म्हणजे 12 च, तिथे 0.12 लिहावंच लागतं.

चिन्हाचा नियम साधा: खिशातून गेलं ते उणे, आलं ते धन. सगळे आकडे धन असतील तर आयआरआर निघूच शकत नाही, आणि '#नम!' चं हे सगळ्यांत साधं कारण आहे.

सूत्राची रेंजही इथेच बघून घ्या. प्रकल्पाचं आयुष्य पाचावरून सात वर्षं केलं, ओळी तळाशी जोडल्या, पण सूत्र जुन्या शेवटच्या ओळीवरच थांबलं, असं फार होतं. सूत्राच्या सेलवर दोनदा क्लिक केलं की रंगीत चौकट दिसते, ती शेवटच्या वर्षापर्यंत जाते का ते पाहा.

रिकामा सेल: वर्षच गायब करणारा दोष

हा दोष दिसत नाही, त्रुटीचा संदेशही देत नाही. म्हणून यावर जरा थांबतो.

रेंजमध्ये रिकामा सेल किंवा मजकूर असलेला सेल आला तर एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन त्याला शून्य धरत नाही, त्याला ओलांडून पुढे जातं. मग पुढची सगळी वर्षं एकेक घर अलीकडे सरकतात. तिसऱ्या वर्षी यंत्र मोठ्या दुरुस्तीसाठी बंद राहणार, उत्पन्न नाही, म्हणून कुणीतरी तो सेल कोराच ठेवतो. समजा गुंतवणूक 10 लाख, दर 12 टक्के आणि पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी 3,40,000 रुपये. तिसऱ्या वर्षात 0 लिहिलं तर एनपीव्ही उणे 16,381 येतो. सेल कोरा ठेवला तर अधिक 32,699. चौथ्या वर्षाचे पैसे तिसऱ्यात आले, पाचव्याचे चौथ्यात, आणि तोट्याचा प्रकल्प मंजुरीच्या टेबलावर पोचला.

मजकूर झालेले आकडे याहून फसवे, कारण ते कोरे दिसत नाहीत. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून किंवा पीडीएफमधून आणलेल्या रकमेच्या मागे एखादी न दिसणारी स्पेस असते, किंवा 'डेबिट' दाखवणारी अक्षरं चिकटलेली असतात. डोळ्यांना 3,40,000 दिसतं, एक्सेलला तो शब्द वाटतो. काही वेळा सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो, पण स्पेस चिकटलेली असेल तर तोही येईलच असं नाही.

तपासायला एक ओळ पुरते. शेजारच्या सेलमध्ये त्याच रेंजवर काउंट (COUNT) हे फंक्शन चालवा आणि त्याच रेंजवर रोज (ROWS) हे फंक्शन चालवा. पहिलं फक्त खरे आकडे मोजतं, दुसरं सगळ्या ओळी. दोन्ही सारखे आले पाहिजेत. मी तपासलेल्या प्रत्येक शीटमध्ये ही ओळ कायमची ठेवून येतो, फरक पडला की लाल होईल अशी.

पायथनवाल्यांसाठी: पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पॅकेजात फाइल वाचताना हजाराचं विरामचिन्ह स्वल्पविराम आहे असं सांगितलं नाही, तर 10,00,000 हा मजकूर म्हणूनच येतो. कंसात लिहिलेली उणे रक्कमही पांडाज आपोआप उणे करत नाही. फाइल वाचल्यावर लगेच त्या स्तंभाचा प्रकार छापून बघा. आणि रिकाम्या नोंदी गाळून टाकणारी ओळ कुणी साफसफाई म्हणून घातली असेल तर ती काढा, तिथे शून्य भरा. गाळणं म्हणजे वर्ष पुसणं.

शून्य वर्ष कुठलं?

लेखाचं शीर्षक ज्या भानगडीवरून आहे ती ही.

एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन पहिल्या आकड्याला पहिल्या वर्षाच्या अखेरचा मानतं. गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस इथेही तेच. पायथनचं नमपाय-फायनान्शियल पहिल्या आकड्याला आजचा, म्हणजे शून्य वर्षाचा मानतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाची सवय दुसऱ्याकडे नेली की घोटाळा होतो.

एक्सेलमध्ये दर बी1 मध्ये, गुंतवणूक बी2 मध्ये आणि पाच वर्षांचं उत्पन्न बी3 ते बी7 मध्ये असेल तर योग्य सूत्र असं: एनपीव्ही(बी1, बी3:बी7) + बी2. गुंतवणूक कंसाबाहेर, आणि ती आधीच उणे असल्यामुळे बेरीज. अनेक जण पूर्ण बी2:बी7 कंसात टाकतात. मग उत्तर 1.12 ने भागलेलं येतं. वरच्या 2,60,000 च्या प्रकल्पात खरं उत्तर उणे 62,758 आहे, ते उणे 56,034 दिसतं. चूक आहे, पण चिन्ह बदलत नाही, त्यामुळे हो-नाहीचा निर्णय तरी शाबूत राहतो.

उलट्या दिशेची चूक निर्णयच फिरवते. एक्सेलची पद्धत अंगवळणी पडलेला माणूस पायथनमध्ये फक्त उत्पन्नाची यादी एनपीव्हीला देतो आणि गुंतवणूक बाहेर जोडतो. पायथन पहिल्या वर्षाच्या 2,60,000 वर वटाव लावतच नाही, कारण त्याच्या लेखी ते आजच मिळाले. उत्पन्नाचं वर्तमान मूल्य 9,37,242 ऐवजी 10,49,711 होतं आणि एनपीव्ही अधिक 49,711. तोच प्रकल्प, तेच आकडे. पायथनमध्ये गुंतवणुकीसकट पूर्ण यादी फंक्शनला द्या, बाहेर काही जोडू नका.

नमपायमधली आर्थिक फंक्शनं 1.20 या आवृत्तीपासून काढून टाकली आहेत, म्हणून जुने प्रोग्राम बंद पडतात. ती आता नमपाय-फायनान्शियल या वेगळ्या पॅकेजात मिळतात. ते बसवा आणि इम्पोर्टची ओळ बदला, एवढंच. पण पुष्कळ जण पॅकेज बसवण्याऐवजी स्वतःच चार ओळींचं लूप लिहितात. तिथे एन्युमरेट हे यादीला क्रमांक देणारं फंक्शन वापरलं की मोजणी शून्यापासून सुरू होते आणि उत्पन्नाचं पहिलं वर्ष पुन्हा शून्य घातावर बसतं. लूप फक्त उत्पन्नावर चालवायचं असेल तर मोजणी 1 पासून सुरू करा, गुंतवणुकीसकट चालवायचं असेल तर 0 पासून. तीन आकड्यांच्या चाचणीत 1200 येतात ते इथूनच.

महिना की वर्ष

हप्ते महिन्याचे आणि दर वर्षाचा असेल तर दर बदलून घ्यावा लागतो. 12 टक्के हा पूर्ण वर्षाचा प्रभावी दर असेल तर महिन्याचा दर 1 टक्का नाही, 0.949 टक्के. कारण 1 टक्का बारा वेळा चढला की वर्षाला 12.68 टक्के होतात. उलट, बँकेने दरमहा व्याज आकारणीचा 12 टक्के दर सांगितला असेल तर महिन्याला 1 टक्काच बरोबर. म्हणजे दर कुठून आला हे विचारल्याशिवाय भागाकार करू नका. मासिक प्रवाहांवर काढलेला आयआरआर मासिकच असतो. तो 1.5 टक्के आला तर वर्षाचे 18 नव्हे, 19.56 टक्के.

तारखा

एक्सएनपीव्ही आणि एक्सआयआरआर, म्हणजे वर्षांऐवजी नेमक्या तारखा घेणारी फंक्शनं, वापरणाऱ्यांनीच हे वाचावं.

आपलं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. संगणकाची तारीख-पद्धत अमेरिकन असेल तर 01-04-2025 ही 4 जानेवारी होते, आणि 31-03-2026 ही तारीखच ठरत नाही, कारण 31 वा महिना नसतो. ती मजकूर म्हणून पडून राहते आणि '#व्हॅल्यू!' येतं. मग माणूस त्रुटी देणाऱ्या 31 मार्चच्या तारखा तेवढ्या दुरुस्त करतो. त्रुटी जाते, पण गुंतवणुकीची तारीख 87 दिवस आधीचीच राहते आणि प्रकल्प आहे त्यापेक्षा वाईट दिसतो.

तारखांचा स्तंभ निवडून महिना अक्षरांत दिसेल असं फॉरमॅट द्या. एप्रिलच्या जागी जानेवारी दिसला की कळलं. ज्या नोंदी फॉरमॅट बदलूनही हलत नाहीत त्या मजकूर आहेत.

एक्सएनपीव्ही दिवसांना 365 ने भागतं, त्यामुळे लीप वर्ष आलं की एनपीव्हीशी थोडा फरक पडतो. वरच्या प्रकल्पात 31 मार्च 2025 पासून पाच वर्षं धरली तर तो जेमतेम दीडशे रुपयांचा आहे. तो दोष नाही, त्याच्यामागे दिवस घालवू नका.

आयआरआर हट्ट करत असेल तर

एक्सेल आयआरआर अंदाज धरून शोधतं, सुरुवात 10 टक्क्यांपासून. वीस प्रयत्नांत जमलं नाही तर '#नम!'. एक्सआयआरआरचा 2.98ई-09 हा आकडाही बहुतेक वेळा 'सापडलं नाही' असाच वाचायचा, शून्य टक्के परतावा असा नव्हे. चिन्हं आणि तारखा ठीक असतील तर फंक्शनला तुमचा अंदाज द्या, 0.2 किंवा उणे 0.1. उत्तर मिळालं की तोच दर एनपीव्हीमध्ये घालून शून्य येतं का ते बघा. न आल्यास ते उत्तर टाकून द्या.

रोख प्रवाहाचं चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदलत असेल तर मात्र प्रश्न प्रोग्रामचा उरत नाही. दगडखाणीचं उदाहरण घ्या: आज 100 लाख बाहेर, वर्षभरात 250 लाख आत, आणि दुसऱ्या वर्षाअखेर जमीन पूर्ववत करायला 154 लाख बाहेर. याचे आयआरआर दोन आहेत, 10 टक्के आणि 40 टक्के, आणि दोन्ही गणिताने बरोबर. 12 टक्के दराने एनपीव्ही अधिक 44,643 रुपये, 8 टक्क्यांनी सुमारे उणे 54,870. भांडवल स्वस्त झालं आणि प्रकल्प तोट्यात गेला, कारण शेवटचा मोठा खर्च कमी दराने जड होतो. अशा ठिकाणी अंदाज बदलून बदलून हवं ते उत्तर आणणं थांबवा. आयआरआर बाजूला ठेवा, 0 ते 50 टक्क्यांपर्यंतच्या दरांना एनपीव्ही काढून त्याचा आलेख बघा.

आणि दोन प्रकल्पांत आयआरआर एकाकडे, एनपीव्ही दुसऱ्याकडे झुकत असेल तर तो बिघाड नाही. 1 लाखाचे वर्षात दीड लाख होणं म्हणजे 50 टक्के, 10 लाखांचे 13 लाख होणं म्हणजे 30 टक्के. पण 12 टक्के दराने पहिल्याचा एनपीव्ही 33,929 आणि दुसऱ्याचा 1,60,714. दोन्हींतून एकच करता येणार असेल तर मी एनपीव्हीचंच ऐकतो.

सूत्र बरोबर, आकडेच चुकीचे

इथवर सगळं जुळलं आणि तरी उत्तर पटत नसेल तर स्तंभात काय लिहिलंय ते वाचायला लागतं. हे सगळ्यांत वेळखाऊ काम, आणि माझ्या मते खरं कामही हेच.

घसारा रोख नाही. नफ्याचा आकडा थेट उचलला असेल तर घसारा त्यात परत मिळवा. घसाऱ्याचा परिणाम फक्त करातून येतो, आणि कराचा घसारा हिशोबवहीतल्या घसाऱ्यासारखा नसतो. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला प्राप्तिकरात घटत्या शिलकीवर 15 टक्के मिळतो: 10 लाखांवर पहिल्या वर्षी 1,50,000, दुसऱ्या वर्षी 1,27,500. प्रोग्राममध्ये मात्र सरळ पाच भाग करून दरसाल 2 लाख घातलेले असतात. शिवाय पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्माच घसारा. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर यंत्र सुरू केलं तर 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नाहीत, म्हणजे पहिल्या वर्षी फक्त 75,000.

कर्जाचं व्याज प्रवाहातून वजा केलं असेल आणि वटावाच्या दरातही भांडवलाचा खर्च धरला असेल, तर व्याज दोनदा मोजलं गेलं. चांगले प्रकल्प यामुळे नाकारले गेलेले मी पाहिले आहेत. महागाईचंही तसंच. उत्पन्न आजच्या भावाने पाच वर्षं सारखंच धरलं असेल तर दरही महागाई वगळून हवा. 12 टक्के दर आणि 5 टक्के महागाई असेल तर तो 6.67 टक्के येतो, कारण 1.12 ला 1.05 ने भागायचं असतं, 12 मधून 5 वजा करायचे नसतात.

खेळतं भांडवल सुरुवातीला बाहेर जातं तसं शेवटी परत येतं, ती शेवटची ओळ शोधा. यंत्राची भंगार किंमतही तिथेच हवी. आणि निर्णयाआधीच होऊन गेलेला खर्च, म्हणजे सल्लागाराची फी किंवा झालेलं सर्वेक्षण, यादीतून काढा. प्रकल्प केला काय, न केला काय, ते पैसे परत येत नाहीत.

इथे थांबा

अनुदान कधी मिळणार, जीएसटीचा परतावा मिळतो की अडकतो, कोणती करप्रणाली निवडायची यावर उत्तर फिरत असेल तर चार्टर्ड अकाउंटंटकडे जा. हे प्रोग्राममध्ये अंदाजाने भरू नका. बँकेला द्यायचा अहवाल असेल तर सही होण्याआधीच दाखवा. दर 1 टक्का वर-खाली केल्यावर एनपीव्हीचं चिन्ह बदलत असेल, तर वटावाचा दर किती धरायचा हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. खाणीसारखा शेवटी मोठा खर्च असलेला प्रकल्प असेल तर वित्ताचा जाणकार लागतोच. आणि वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही दोन साधनांची उत्तरं काही हजारांनी वेगळी येत असतील तर जुळवून घेण्यासाठी एखादी 'समायोजन' ओळ घालू नका, दुसऱ्या माणसाला कोऱ्या शीटवर पुन्हा मांडायला सांगा.

जाताना बरोबर न्या: वर्षवार रोख प्रवाहांची एकच यादी, शून्य वर्ष कुठलं ते तारखेसह लिहिलेलं, दर कुठून घेतला आणि तो महागाईसकट आहे की वगळून याची नोंद, कर्जमंजुरीचं पत्र, यंत्राची कोटेशन, आणि तीन आकड्यांच्या चाचणीत 1000 आल्याचं दाखवणारा कागद.